बागेची व्यवस्था : शिट्टी, म्हैस आणि कात्री

बाग चालवायची तर झाडांची आवड हवी, असा एक समज आहे. नवख्या व्यवस्थापकाने तो लवकर सोडावा. त्याला हवी ती शिट्टी.

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे 1,200 मीटर उंचीवर कासचे पठार आहे. सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी तिथे उभे राहिले की बागकामाचे खरे हत्यार कोणते ते कळते. खुरपे नाही, झारी नाही. जवळच्याच गावचा एक माणूस रेनकोट घालून उभा असतो आणि त्याच्या तोंडात शिट्टी असते. कोणी पायवाट सोडून सोनकीच्या ताटव्यात फोटोसाठी आडवे झाले की ती वाजते. ‘ओ दादा, फुलावरनं उठा!’ दादा उठतात, पँट झटकतात, दहा पावले पुढे जातात आणि तिथे सहकुटुंब बसतात. शिट्टी पुन्हा वाजते. शिफारस अशी की, माणशी दोन शिट्ट्या द्याव्यात. धुक्यात आणि पावसात एक हमखास घोगरी होते.

आता कर्मचारी. या बागेत लावणी करणारा एकही माळी नाही. जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर, पाऊस आणि धुके एवढ्याच भांडवलावर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 850 जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 जागांना जागतिक वारसा ठरवले, त्यात कास आहे. असे असले तरी हजेरीपत्रक ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. तेरडा, सोनकी, गेंद ही मंडळी हंगामी. ऑगस्टअखेर रुजू होतात आणि दसऱ्याच्या आसपास न सांगता निघून जातात. वायतुरा कायम कर्मचारी वाटतो, कारण शास्त्रीय नावात त्याने ‘सातारेन्सिस’ असा गावाचा शिक्काच मारून घेतला आहे. पण तोही उन्हाळाभर जमिनीखाली कंदात पडून असतो. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. तिला कारणे दाखवा नोटीस धाडू नये. ज्या वर्षी येते त्या वर्षी उतारच्या उतार जांभळे करून सगळी थकबाकी एकदम चुकती करते.

सीतेच्या आसवांशी मात्र जपून वागावे. निळसर जांभळी, नखाएवढी फुले पाहून पर्यटकांचा जीव कळवळतो. पठाराच्या मातीत नत्राचा दुष्काळ, म्हणून ही वनस्पती ओल्या मातीत बारीक पिशव्या पसरते आणि त्यांत सापडणारे सूक्ष्म जीव पचवते. नाव रडके, जेवण मांसाहारी. भत्ता मागत नाही एवढेच.

माणसे शिट्टीने आवरेनात तेव्हा कोणीही समंजस व्यवस्थापक करील तेच कासला झाले: लोखंडी जाळीचे कुंपण आले. माणसे बऱ्यापैकी थांबली. गुरेही थांबली. पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर चरणाऱ्या कास परिसरातल्या गाई-म्हशी जाळीबाहेर राहिल्या आणि आत गवत माजायला लागले. उंच गवताखाली बोटभर उंचीच्या फुलाला ऊन कुठून मिळणार? फुले कमी दिसतात अशी ओरड सुरू झाली. गुरे येऊ द्या, असे गावकरी म्हणत होतेच. काही अभ्यासकही तेच म्हणू लागले. अखेर कुंपण काढावे लागले.

म्हणून प्रत्येक बागेच्या आस्थापनेत ‘म्हैस’ हे पद मंजूर करून घ्यावे. कामाचे स्वरूप: गवत खाणे. अनुभव: जन्मजात. प्रशिक्षणाची गरज नाही, बैठकीला बोलवावे लागत नाही आणि सेल्फी काढायला ती कधी थांबत नाही. मुलाखत घेण्याचा मात्र प्रयत्न करू नये.

दोन पायांच्या कर्मचाऱ्यांची नेमणूक त्याहून नाजूक. पठाराची व्यवस्था वन विभागाबरोबर कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे आहे. शुल्क घेणे, गाड्या लावून घेणे, पर्यटकांना वाट दाखवणे ही कामे गावचीच माणसे करतात. दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घातली गेली, ऑनलाइन नोंदणी आली. मर्यादा कागदावर सोपी असते. 3,001वा माणूस तिकिटाच्या खिडकीशी आला की तो नेमका कोणाचा तरी मेहुणा निघतो. या मुलखात पाहुण्याला चहा देतात, शिट्टी मारत नाहीत. त्यामुळे ज्याचे पै-पाहुणे ज्या रस्त्याने येतात त्याची नेमणूक दुसऱ्या टोकाला करावी.

आता स्वयंसेवक. या भागात स्वयंसेवेची रीत जुनी आहे. इर्जिक घातली की गाव एका दिवसात एकाचे शेत उरकून देई आणि त्या बदल्यात घरधनी सगळ्यांना पोटभर जेवू घाली. पैऱ्यात तर हिशेब त्याहून सरळ: आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. आताचा स्वयंसेवक टोपी, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र मागतो. त्याला दोनच कामे द्यावीत, प्लास्टिक वेचणे आणि फुलांची नावे सांगणे. दुसरे काम देताना शेजारी एकीवचा एखादा वाटाड्या उभा करावा. स्वयंसेवक ‘युट्रिक्युलेरिया’ म्हणेपर्यंत तो ‘सीतेची आसवं’ म्हणून पुढच्या फुलापाशी पोचलेला असतो.

स्वयंसेवक खरा चिवट निघाला तर काय होते, हे सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला पाहावे. प्रतिसरकारच्या लढ्यातले स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी बोडके डोंगर हिरवे करायचे मनावर घेतले, माणसे जमवली, आणि 1985 मध्ये तिथे सुमारे 11 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. माणसाने लावलेले जंगल आणि माणसाने आणून सोडलेली हरणे. इथे कुंपणाची तऱ्हा कासच्या उलटी. ते आतल्यांना आत ठेवायला आहे, आणि हरणे संधी साधून बाहेरच्या पिकात उतरतात म्हणून शेतकऱ्यांची तक्रार.

निगराणीचा विषय निघाला की द्राक्षांच्या तासगावकडे वळावे लागते. कासची बाग एकटी सोडली की फुलते, द्राक्षबाग चार दिवस एकटी सोडली तर मालकाला कर्जात बुडवते. तिथे वर्षाची सुरुवात दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. मग पेस्ट लावणे, फेलफुटी काढणे, शेंडे खुडणे, पाकळ्या कमी करणे, विरळणी. डिपिंगच्या दिवशी मांडवाखाली मान वर करून बायकांच्या रांगा चालतात. हातात जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणाचा मग. तो घडाखाली धरायचा, घड बुडेपर्यंत वर न्यायचा, खाली घ्यायचा आणि वेलीला हलका झटका द्यायचा, कारण मण्याच्या टोकाला थेंब थांबला तर डाग पडतो. मग पुढचा घड. एका एकरात असे हजारो. संध्याकाळपर्यंत मान आखडलेली असते आणि कोपरापर्यंत द्रावण उतरलेले असते. हे काम टोळी एकरी उक्ते घेते. मुकादमाची उचल आधी द्यावी लागते, आणि उचल दिलेली टोळी छाटणीच्या ऐन आठवड्यात शेजारच्या बागेत दिसली तर मालकाने आवाज चढवू नये. पुढच्या आठवड्यात तीच टोळी लागणार असते. कात्री तिच्या हातात आहे.

सल्ला मात्र इथे उक्ता नसतो, फुकट असतो. आभाळ आले की बांधावर चार जण जमतात, आणि डावणी येणार यावर त्यांचे एकमत असते. फवारणी कशाची, यावर पाच मते. त्यातले एक मत मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे असते. त्याची गोष्ट व्यवस्थापकाने मुद्दाम वाचावी. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना फासत, तो रोगासाठी नव्हे. येणारे-जाणारे द्राक्षे तोडतात म्हणून पाने निळी आणि तोंड वाकडे होईल अशी चव. बोर्डो विद्यापीठातल्या मिलार्दे यांच्या लक्षात आले की, नेमक्या याच वेलींवर केवडा, म्हणजे आपली डावणी, नाही. 1885 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि वाटसरूंना पिटाळण्याचा उपाय जगभरच्या बागांचे औषध झाला. कासच्या समितीने हा प्रयोग सोनकीवर करू नये. पर्यटक फुले खात नाहीत, त्यांवर बसतात.

ऑक्टोबर उजाडला की दोन्हीकडची कामे बदलतात. तासगावात कात्र्यांना धार लागते, टोळ्यांचे फोन लागेनासे होतात. पठारावर सोनकी वाळून तपकिरी पडते, गाड्या तुरळक होतात. शिट्टीवाल्याच्या शेतात भात कापणीला आलेले असते, त्यामुळे रजेचा अर्ज एका ओळीचा येतो आणि मंजूर होण्याआधीच तो घरी पोचलेला असतो. तिकिटाच्या खिडकीशी कोणी नसते. म्हशी येतात आणि उरलेल्या गवताकडे वळतात.