माल पोचला, ट्रक यायचाय

आप्पा सांगलीहून कॅनडातल्या लव्हालला आले ते ऐन फेब्रुवारीत. या दिवसांत तिकीट स्वस्त असतं. का, ते उतरल्यावर कळतं. तिसऱ्या दिवशी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्यांनी विचारलं, "तू नेमकं करतोस तरी काय रे?"

"कंपन्यांना आयटीतून व्हॅल्यू मिळवून देतो, आप्पा."

"कुणाला?"

सोळा वर्षं या धंद्यात आहे, पण हा प्रश्न एकाही क्लायंटनं विचारलेला नाही. मी लॅपटॉप उघडला आणि आमची लाडकी स्लाइड दाखवली. खर्चाची रेघ वरून खाली येते, फायद्याची खालून वर जाते, आणि दोघी जिथे एकमेकींना कापतात तिथे क्लायंट सही करतो. आप्पांनी चष्मा पुसून दोन्ही रेघा नीट न्याहाळल्या. "यातली खरी कुठली?"

आप्पा बँकेतले. त्यांच्या शाखेत पहिलं यंत्र आलं तेव्हा युनियनच्या धाकानं त्याला कॉम्प्युटर म्हणायची सोय नव्हती. 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असं लांबलचक बारसं झालं होतं. दिवसभर यंत्रात पोस्टिंग करायचं आणि संध्याकाळी तेच सगळं पुन्हा लेजरमध्ये उतरवायचं. मेळ बसला नाही तर लेजर खरं. रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लिहिलं होतं, की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. आप्पांना तेव्हा ओव्हरटाइम मिळत होता.

आप्पांचं मत पालटावं म्हणून मी म्हटलं, इथल्या सरकारनंही आयटीवर केवढा विश्वास टाकलाय बघा. इथे 'साक' म्हणून एक खातं आहे, आपल्या आरटीओचा क्युबेकी भाऊ. लायसन्स, गाडीची नोंदणी, सगळं त्याच्याकडे. लोकांना रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून त्यांनी 'साक-क्लिक' हे ऑनलाइन पोर्टल काढलं. त्यासाठी आधी तीनेक आठवडे काउंटर बंद ठेवले आणि २० फेब्रुवारी २०२३ ला बटण दाबलं. त्यानंतर क्युबेकभर ज्या रांगा लागल्या, त्या ऐन थंडीत फुटपाथवर. रांग बंद करणारी यंत्रणा आणि तिच्यासाठीच रांग! दोन वर्षांनी महालेखापरीक्षकांचा अहवाल आला: २०२७ पर्यंतचा खर्च ११० कोटी डॉलर, म्हणजे ठरल्यापेक्षा सुमारे ५० कोटी जास्त. आठवड्याभरात डिजिटल खात्याचे मंत्री एरिक केर यांनी राजीनामा दिला आणि पुढे न्यायमूर्ती गालां यांचा चौकशी आयोग बसला.

"मग व्हॅल्यू गेली कुठं?" आप्पा.

गेली कशाला? कुणी डेटा हलवला, कुणी ट्रेनिंग दिलं, कुणी कुणाच्या कामावर देखरेख केली. त्या देखरेखीवर लक्ष ठेवायला आणखी कुणी आलं. आता का फसलं ते सांगायलाही सल्लागार लागतील. आमच्या धंद्यात प्रकल्प बुडतो, बिल बुडत नाही. माझ्या घराचे हप्ते असल्याच कुठल्या ना कुठल्या व्हॅल्यूतून फिटतात. हे मात्र मी आप्पांना सांगितलं नाही.

सरकारचंच कशाला, टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीचं कॅनडातलं लग्न तर दोन वर्षंही टिकलं नाही. २०१३ मध्ये दुकानं उघडली, २०१५ मध्ये सगळी म्हणजे १३३ बंद करायची ठरली. वस्तूंची मापं सिस्टममध्ये इंच-सेंटीमीटरचा घोळ घालून भरलेली. गोदामं तुडुंब आणि दुकानातली फळ्या-कपाटं रिकामी. नंतर छापून आलेल्या हकिगतीत एक गोष्ट होती, ती मी जपून ठेवली आहे. एखादी वस्तू संपली की काही मंडळी तिची आपोआप मागणी करणारा स्विचच बंद करत. मागणी नाही म्हणजे तुटवडा नाही, आणि अहवाल कसा चकाचक!

हसू नका. आमच्या लव्हालमधल्या एका गोदामात, नाव कशाला, मी स्वतः नवी सिस्टम बसवली आहे. तिचा नियम असा, की माल 'मिळाला' असं दाखवल्याशिवाय ट्रक धक्क्याला लावता येत नाही. नऊ जणांच्या समितीनं पाच महिने चर्चा करून केलेला नियम आहे तो. धक्क्यावरच्या मादामला समितीवर घेतलं नव्हतं, कारण तिला व्हॅल्यूमधलं काय कळणार? ती बिचारी सकाळी सातला येते, हातमोजे काढते, कॉफीचं झाकण उघडते आणि दिवसभराचे सगळे ट्रक एका दमात 'मिळाले' करून टाकते. ट्रक तेव्हा पंधरा नंबरच्या हायवेवर कुठेतरी अडकलेले असतात. खरा कोणता ट्रक कधी आला, ते ती पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवते. मुख्य कचेरीच्या पडद्यावर वक्तशीरपणा शंभर टक्के! हे यश बघून कंपनीनं तीन कारकून कमी केले आणि हे शंभर टक्के कसे आले याचं विश्लेषण करायला चार जण ठेवले, दुप्पट पगारावर.

आप्पांना मादाम फार आवडली. "पाठीवर लिहिते ना? बास. मग चालेल गोदाम."

परवा रात्री बर्फ सुरू झालं ते थांबेचना. सकाळी शाळा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, समोरच्याची गाडी नुसता पांढरा उंचवटा. सात वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. अकराच्या अकरा ट्रक मिळाले, सगळे चौकोन हिरवे. पाठोपाठ साहेबांचा निरोप: असल्या हवेतही सिस्टमनं दाखवलेली ही कामगिरी नव्या क्लायंटच्या स्लाइडमध्ये घ्यावी.

आप्पा खिडकीशी चहा घेऊन उभे होते. फोनकडे बघितलं, बाहेर बघितलं.

"मेळ बसला का रे?"