एक उद्योग महाराष्ट्र सोडून जात नाही!

एखादा प्रकल्प गुजरातला गेला की आपल्याकडे आठवडाभर ऊर बडवण्याचा कार्यक्रम होतो. सप्टेंबर 2022 मध्ये तळेगावला येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉन गेला, ऑक्टोबरात टाटा-एअरबस बडोद्याला गेला, आणि महाराष्ट्रात आता कुणी यायलाच तयार नाही, असा गळा काढला गेला. ही राज्याची बदनामी आहे. नेमक्या त्याच दिवसांत महाराष्ट्रात काय काय येत होतं ते जरा पाहा.

सप्टेंबरात न्हावा शेवा बंदरात दिल्ली पोलिसांनी एक कंटेनर उघडला. कागदोपत्री आत ज्येष्ठमध. वजन सुमारे 22 टन. ज्येष्ठमध खराच होता, फक्त त्याच्या कांड्यांना हेरॉईनचा लेप दिलेला होता. किंमत 1,725 कोटी. महिना सरता सरता महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, वाशीला संत्र्यांचा ट्रक अडवला. दक्षिण आफ्रिकेच्या संत्र्यांच्या पेट्यांत 198 किलो मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामाइन, आणि 9 किलो कोकेन निघालं. किंमत 1,476 कोटी. नागपूर जवळ असताना संत्री दक्षिण आफ्रिकेतून कशाला आणायची, असं विचारणाऱ्याला आयातीचा धंदा कळत नाही एवढंच. आणखी आठवड्याभरात त्याच आयातदाराच्या नावावर आलेल्या पेअर आणि हिरव्या सफरचंदांत 50 किलो कोकेन सापडलं. जोडीला 502 कोटी.

तर तीन आठवड्यांत साडेतीन हजार कोटींहून जास्त गुंतवणूक. सामंजस्य करार नाही, दावोसचा दौरा नाही, फीत कापायला मंत्री नाही. तरी माल आला.

या आकड्यांबद्दल एक शंका मला नेहमी छळते. जप्त मालाची ‘आंतरराष्ट्रीय बाजारातली किंमत’ ठरवतं कोण? एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा भाव आपल्या पत्रकार परिषदांतून साधारण किलोला दोन कोटी असा निघतो. 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात पकडलेल्या हेरॉईनला किलोला सात कोटी मिळाले. शेतकरी वर्षानुवर्षं हमीभावासाठी रस्त्यावर बसतो, आणि इथे माल पकडणारेच स्वतःहून भाव जाहीर करतात. तस्कराला आपल्या धंद्याची उलाढाल आणि बाजारभाव दोन्ही सकाळच्या पेपरात फुकट वाचायला मिळतात. मोठा आकडा दोघांनाही शोभतो. पकडणाऱ्याच्या बढतीला आणि न पकडलेल्याच्या पतीला.

आयातीचं झालं, पण आपण नुसत्या आयातीवर समाधान मानणारे नव्हेत. 2016 मध्ये सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून ठाणे पोलिसांनी अठरा टनांच्या आसपास इफेड्रिन पकडलं. हा मेथचा कच्चा माल. त्याच वर्षी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत डीआरआयने छापा घालून एमडी पकडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा आख्खा कारखाना सापडला. तो शोधला मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी, तिथवर जाऊन. जप्त माल तीनशे कोटींच्या घरात. मग फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांना पुन्हा एमडीचा कारखाना मिळाला. कुठे? कुरकुंभ एमआयडीसीत. आठ वर्षांत वसाहत बदलायचीही गरज पडली नाही. उद्योगस्नेही वातावरण म्हणतात ते हेच.

कुरकुंभचं प्रकरण मात्र नीट वाचण्यासारखं आहे. सुरुवात पुण्यात सापडलेल्या काही किरकोळ विक्रेत्यांपासून झाली. त्यांच्यावरून विश्रांतवाडीचं गोदाम, तिथे मिठात दडवलेलं एमडी, तिथून कुरकुंभचा कारखाना, तिथून दिल्ली आणि सांगलीचं कुपवाड. एकूण जप्ती दीड टनाच्या वर. दिल्लीतला माल तयार खाद्यपदार्थांच्या पाकिटांतून लंडनला जात होता, असं पोलिसांचं म्हणणं. आता तारखा आठवा. डिसेंबर 2023 पासून पुढच्या मेपर्यंत कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. त्याआधी ऑगस्टपासून 40 टक्के निर्यातशुल्क. लासलगावचा कांदा चाळीत सडत होता तेव्हा कुरकुंभचा माल लंडनला पोचत होता. शुल्काचा प्रश्नच नाही. शेतकरी संघटनांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

‘एक खिडकी योजना’ प्रत्यक्षात चालते का, असं उद्योजक विचारतात. चालते. ती पुण्याच्या ससून रुग्णालयात कैद्यांच्या 16 नंबरच्या वॉर्डात चालत होती. 2020 च्या चाकणच्या एमडी प्रकरणातला एक आरोपी उपचारांसाठी तिथे महिनोन् महिने मुक्कामाला होता. 30 सप्टेंबर 2023 ला रुग्णालयाच्या दारात दोन कोटींचं एमडी पकडलं गेलं आणि आतला रुग्ण बाहेरचा धंदा चालवतो असं उघड झालं. 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या संध्याकाळी, रुग्ण ठणठणीत बरा होऊन पोलीस पहाऱ्यातून निघून गेला. शिंदे गावचा कारखाना याच्याच भावाकडे होता. सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन पेशंट झोपवायची पाळी येते अशी तक्रार करणाऱ्यांनी जरा धंदापाणी पाहावं.

हसायचं तेवढं हसून झालं. ज्याच्या घरात ही पुडी शिरते त्या घरात हसू येत नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याने गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पाहिला, त्यातूनच 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. गर्द ओढणारा निदान पेंगायचा. एमडीचं उलट. झोप उडते, भूक मरते, तासाभरात तल्लफ परत येते, म्हणून पोरगं पुन्हा पुन्हा ओढत राहतं. मग संशय सुरू होतो. आई जेवणात काहीतरी घालते, शेजारी पाळत ठेवतात. कॉलेजची फी, मग बापाची दुचाकी, मग आईच्या बांगड्या. घरचे हे सगळं नातेवाइकांपासून लपवतात, आणि लपवण्यात जी दोन वर्षं जातात त्यावरच विक्रेत्याचं दुकान चालतं.

आता लढाईबद्दल. सप्टेंबर-ऑक्टोबर 2021 या एका महिन्यात आपली सगळी युद्धनीती दिसते. सप्टेंबरच्या मध्यावर मुंद्रा बंदरात दोन कंटेनर उघडले गेले. इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला अफगाणी माल, कागदावर शंखजिरे, प्रत्यक्षात 2,988 किलो हेरॉईन. 2 ऑक्टोबरला मुंबईच्या क्रूझवर धाड पडली. 13 ग्रॅम कोकेन, 5 ग्रॅम एमडी, 21 ग्रॅम चरस आणि 22 गोळ्या. तीन टनांच्या मालाचा मालक कोण, हे विचारायला वाहिन्यांना फुरसत नव्हती. क्रूझवरच्या ग्रॅमांवर मात्र महिनाभर चर्चासत्रं झडली. सिनेनटाच्या ज्या पोरामुळे ती झडली त्याच्याकडे काहीच सापडलं नव्हतं, आणि पुढच्या मे महिन्यात आरोपपत्रातून त्याचं नावही गळलं. पण तोवर देशाला अंमली पदार्थांविरुद्ध लढल्याचं समाधान पुरेसं मिळालं होतं.

या दोन घटनांच्या मध्ये, 30 सप्टेंबरला, केंद्र सरकारने एक अध्यादेश काढला, आणि माझ्या मते त्या महिन्यातली खरी बातमी ती होती. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम 27-अ हे या धंद्यात पैसा ओतणाऱ्यांसाठी आहे. दहा ते वीस वर्षांची शिक्षा. 2014 मध्ये कायदा दुरुस्त करताना अवैध व्यापाराच्या व्याख्येचा क्रमांक बदलला, पण 27-अ मध्ये जुनाच क्रमांक राहिला. त्या जुन्या क्रमांकावर आता ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधांची’ व्याख्या बसली होती. म्हणजे तब्बल सात वर्षं सावकाराला पकडायचं कलम रुग्णालयांच्या वेदनाशामकांकडे बोट दाखवत उभं होतं. चूक त्रिपुरा उच्च न्यायालयाच्या लक्षात आली, तेव्हा दुरुस्तीची धावपळ झाली. डिसेंबरात संसदेने कायदाही केला. या सात वर्षांत पुडीवाला बरोबर सापडत होता हो, त्याच्या कलमाचा क्रमांक कधी चुकला नाही.

बाकी युद्ध जोरात आहे. 26 जूनला जागतिक अंमली पदार्थविरोधी दिन असतो. त्या दिवशी शाळकरी मुलांच्या हातात फलक देऊन त्यांना पावसात फिरवतात. अधूनमधून तळोज्याच्या भट्टीत जप्त माल जाळतात आणि त्या धुराचेही फोटो येतात. जगात जेवढे कंटेनर फिरतात त्यातले दोन टक्केही तपासले जात नाहीत, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. सगळे उघडणं शक्यही नाही, बंदरं बंद पडतील. म्हणून जिथे हात पोचतो तिथे तो घालावा लागतो. परवानाधारक कारखान्याच्या रसायनांच्या हिशेबात, शेडच्या भाडेकरारात, पैसा फिरला त्या खात्यांत, आणि परदेशी बसलेल्या मालकाच्या पासपोर्टावर. हे जमतच नाही असं नाही. सांगलीच्याच दुसऱ्या एका एमडी कारखान्याच्या प्रकरणात 2025 च्या जून-जुलैत इंटरपोलच्या मदतीने दोन आरोपी संयुक्त अरब अमिरातीतून मुंबईत आणले गेले. त्यासाठी कागदपत्रं गोळा करत बसावं लागलं असणार, पण कागदपत्रांचं थेट प्रक्षेपण कोण पाहणार? कुरकुंभ प्रकरणातला मुख्य आरोपी तर देशाबाहेर सटकला.

आणि ओढणाऱ्याचं काय? एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अंमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या विसातल्या एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात. उरलेल्या एकोणिसांपैकी जे सापडतात त्यांची गणना आपण कारवाईत करतो. कायद्यात कलम 64-अ आहे. अल्प प्रमाणात मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल आणि ते पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालू नये अशी त्यात तरतूद आहे. हे कलम पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेलं कुणी पाहिलं असेल तर कळवावं, फोटोसह छापू.

तोवर वाचकांनी दोन क्रमांक लिहून ठेवावेत. घरातल्या व्यसनी माणसासाठी केंद्र सरकारची मदतवाहिनी 14446, फोन फुकट लागतो. शेजारच्या बंद शेडमधून रात्री-अपरात्री रसायनांचा दर्प येत असेल तर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची ‘मानस’ वाहिनी 1933, तिथे नाव गुप्त ठेवतात. घरात असं पोरगं असेल तर पहिला क्रमांक आजच लावा, नातेवाइकांना काय सांगायचं ते नंतर ठरवा.