सेफ्टीकाका

आमच्या तळोजा फेज वनच्या सोसायटीत ट्रेक काढणारे पुष्कळ होऊन गेले. टिकले ते एकटे सेफ्टीकाका. खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असेल, बाकी सगळीकडे काकाच. एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यांमधून सेफ्टी ऑफिसर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाले. निवृत्त झाली ती नोकरी; काका अजून ड्यूटीवरच आहेत. जिन्यात पोरं धावली की वरून आरोळी येते, ‘कठडा धरा!’ लिफ्ट बंद पडली की दाराला लावायचा लाल टॅग त्यांच्याच घरातून येतो.

रविवारी कर्नाळा ठरला. आदल्या रात्री ग्रुपवर त्यांचं ‘वर्क परमिट’ आलं. धोक्यांची यादी अशी: घसरणं, पडणं, माकडं, मधमाश्या आणि ‘आयत्या वेळी आणलेले मेव्हणे’.

सकाळी सहाला गेटवर आम्हांला ओळीत उभं करून काकांनी प्रत्येकाचा वास घेतला. अगदी मानेपाशी नाक नेऊन. कर्नाळ्याच्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात आणि उग्र वासाने त्या उठतात, हे खरंच आहे. पण चारचौघांत शेजाऱ्याने आपल्याला हुंगायचं म्हणजे... तळोजेकराचं नाक तसंही तयार असतं, रात्री वारा फिरला की झोपेतल्या माणसालाही दिशा सांगता येते. काकांचं तर त्याहून पुढचं. ‘डिओ. काल संध्याकाळचा. आंघोळ केलेली नाही.’ तिसऱ्या मजल्यावरचे साहेब मुकाट्याने घरी जाऊन अंग धुऊन आले.

कळंबोली, पळस्पे करत बस शिरढोणला आली तशी मी पोरांना सांगायला लागलो, हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, १८४५ साली इथेच जन्मले, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. काकांनी पुढच्या सीटवरून वाक्य पुरं केलं, ‘म्हणजे त्या वेळचे शिफ्ट इनचार्ज.’ पुढे १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, हे ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘इन्सिडंट रिपोर्ट कुणी केला?’

कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. आम्ही पक्षी मात्र पाहिले नाहीत. काकांच्या गळ्यात कारखान्यातली शिट्टी होती: एक फुंकर म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे पळा. पहिल्याच फुंकरीला अर्धं अभयारण्य रिकामं झालं. उरला तो शीळकरी कस्तूर. त्याने झाडीतून लांबलचक शीळ घातली आणि आमची सगळी ओळ जागच्या जागी उभी. काका मागून ओरडतायत, ‘मी नाही, मी नाही!’ कस्तूर पुन्हा वाजला. चढणीवर आमची पंधराएक मिनिटं त्या पाखराच्या हुकमात गेली.

वर पोचलो तेव्हा सगळे घामाघूम. पायथ्याशी खोदलेली टाकी, आणि त्यांवर अंगठ्यासारखा सरळ उठलेला सुळका. हायवेवरून जाताना हाच दिसतो. त्याच्या कपारीत काळी, हाताएवढी लांब पोळी, जवळून पाहिली तर पृष्ठभाग सतत हलत असलेली. तेवढ्यात दुसऱ्या एका टोळक्याने ब्लूटूथ स्पीकर काढला. काका शिट्टी न वाजवता, जवळजवळ रांगत त्यांच्यापर्यंत गेले आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलले. स्पीकर सॅकमध्ये गेला. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण ती पोरं उतरेपर्यंत एकमेकांशी कुजबुजतच होती. सकाळच्या हुंगण्याचा राग माझ्यापुरता तिथे गेला.

खाली ताकवाल्या मावशींच्या टपरीपाशी असेंब्ली पॉइंट. हेडकाउंट सुरू झाला आणि काकांचा चेहरा उतरला. तेवीस गेले होते, चोवीस उतरले. पुन्हा मोजलं, चोवीसच. कमी भरले तर काय करायचं याची काकांकडे अख्खी फाइल आहे. जास्त भरले तर काय, यावर कागद नाही. चौकशीअंती रांगेच्या शेवटी एक अनोळखी गृहस्थ सापडले. त्यांना ती ताकाची रांग वाटली होती.

‘ग्लास अजून आला नाही,’ ते म्हणाले.

काकांनी स्वतःच्या पैशाने त्यांना ताक पाजलं, वहीत ‘नियर मिस’ म्हणून नोंद केली आणि साक्षीदार म्हणून खाली त्यांचीच सही घेतली.