काकांचा वायरींचा डबा

बॅटरीवर चालणारा दाराबाहेरचा कॅमेरा चार्ज होईनासा झाला की घरातली तरुण मंडळी कॅमेऱ्याकडे बघतात. बघायचं असतं काकांकडे. काका म्हणजे डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठल्याही सोसायटीत सापडणारे, बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, टेस्टर कुठे ठेवलाय हे झोपेतही सांगू शकणारे गृहस्थ. कॅमेरा मुलानं बेंगळुरूहून पाठवलेला असतो, बसवलेला काकांनी असतो, आणि त्यात दिवसभर दिसतात तेही बहुतेक काकाच. कारण कॅमेरा चालू आहे ना, हे बघायला ते तासातासाला बाहेर येऊन त्याच्यासमोर हात हलवतात. हालचाल दिसली की हा कॅमेरा जागा होतो, चित्रण करतो, वायफायवरून पाठवतो आणि पुन्हा झोपतो. बॅटरी इतक्या लवकर का उतरते, याचं उत्तर त्या हलत्या हातात बरंचसं सापडतं. पण उतरलेली बॅटरी पुन्हा चढत का नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि माझं म्हणणं असं की त्याचं उत्तर कॅमेऱ्यात कमी आणि काकांच्या वायरींच्या डब्यात जास्त असतं.

हा डबा मुळात दिवाळीला आलेल्या सुक्यामेव्याचा असतो. त्यात बदाम होते तोवर त्याला कोणी विचारत नव्हतं. आता त्याला कपाटात स्वतंत्र कप्पा आहे. आत नोकियाचा बारीक पिनेचा चार्जर, ज्याचा फोन भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली. एका डिजिटल कॅमेऱ्याची जाड पिनेची वायर, जो कॅमेरा भाच्याला दिला आणि वायर द्यायची राहिली. मायक्रो पिनेच्या पाच-सहा, टाइप-सीच्या तीन, आणि एक अशी की तिचं दुसरं टोक कशात जातं हे आता कोणालाच आठवत नाही. प्रत्येकीची नीट गुंडाळी करून तिला फुलपुडीचा रबर लावलेला. कुठली चांगली, कुठली गेलेली, याची नोंद मात्र नाही. कारण सरळ आहे. बल्ब जातो तेव्हा काळा पडतो, बूट फाटतो तेव्हा दिसतो, पण वायर मरते ती आतल्या आत, वरून टवटवीत राहून. मृत्यूचा दाखला नसल्यामुळे ती डब्यात हयात धरली जाते आणि काकांच्या भरवशावर जगते.

आता तपास कसा चालतो ते पाहा. मुलगा फोनवर विचारतो, “बाबा, वायर बदलून बघितलीत का?” काका दुखावलेल्या स्वरात सांगतात, “बदलली की! तीन बदलल्या.” हे खरं असतं. काका खोटं बोलत नाहीत, आळशी तर नाहीतच. फक्त तिन्ही वायरी त्या एकाच डब्यातल्या असतात. तीन साक्षीदार आणले, तिघेही एकाच घरातले, आणि तिघांची जबानी जुळली म्हणून आरोपी दोषी, असा हा न्याय. “पण याच वायरीवर माझा मोबाइल होतो ना चार्ज!” हा काकांचा हुकमी एक्का, आणि वरवर पाहता तो बिनतोड आहे. मोबाइल रात्री दहाला लावला की सकाळी सहापर्यंत भरतो. वायरीतून थेंब थेंब आलं तरी आठ तासांत घागर भरतेच. हे म्हणजे कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यासारखं आहे. पाणी सुटलं हे धरणावर खरं असतं, पण शेवटच्या शेतात काय पोचतं ते वाटेतल्या पाटावर ठरतं. केसासारख्या बारीक तांब्याच्या दोन मीटर वायरीतून एक अँपिअर न्यायचा म्हटला तर ५ व्होल्टमधला पाऊणएक व्होल्ट वाटेतच सांडतो. कॅमेऱ्यातला लिथियमचा सेल पूर्ण भरायला ४.२ व्होल्ट लागतात, आणि तो भरणाऱ्या सर्किटला वर थोडी चिरीमिरी हवीच. त्यात कॅमेऱ्याचं भोक पावसापासून वाचवायला खोल ठेवलेलं, वर रबराची टोपी. मोबाइलच्या वायरीची जाड मूठ त्या टोपीला अडते आणि पिन अर्धीच आत जाते. काका ती अंगठ्यानं दाबून धरतात. दिवा लागतो. अंगठा काढला की जातो. यावरून काकांचा निष्कर्ष: “आतलं सोल्डरिंग सुटलंय.”

कोणी म्हणेल, वायरीला एवढं का झोडपता? बॅटऱ्याही मरतात की. मरतात. लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य ठरावीक असतं, हे मान्य. पण काका बॅटरीला मरायचीही नीट संधी देत नाहीत. महिनाभर पूर्ण उतरून पडलेला सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला, की चार्जिंगचं सर्किट त्याला एकदम जेवायला वाढत नाही. उपासानंतर पेज पाजतात तसं थोडं थोडं पाजतं. त्या वेळात दिवा लागेलच असं नाही, आणि अर्धा तास नुसतं लावून ठेवणं हाच उपाय असतो. काका प्रत्येक वायरीला मोजून पाच मिनिटं देतात. म्हणजे तिघींतली एखादी निर्दोष असली, तरी तिची सुनावणी पुरी होत नाही. त्यातून वीज घेतली कुठून? टीव्हीच्या मागच्या भोकातून, कारण तिथं “आयतीच सोय आहे”. तिथून मिळतो बहुधा अर्धा अँपिअर, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये टीव्ही बंद केला की तोही बंद. अशा घरात कॅमेरा संध्याकाळी सात ते दहा, मालिकांच्या वेळेतच चार्ज होतो, आणि काकू माहेरी गेल्या की अजिबात होत नाही. या योगायोगावर काकांनी आजवर विचार केलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो काकांच्या बाजूचा आहे. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेला कॅमेरा दुपारी चार्ज होत नाही, यात कुठल्या डब्याचा दोष? कोणाचाच नाही. लिथियमचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून शहाणं सर्किट स्वतःच हात आखडतं. सावलीत आणून तासाभरानं लावावं, एवढंच. आणि एक दोष तर सरळ कारखान्याचा. नव्या चार्जरला दोन्हीकडून टाइप-सी असलेली वायर लावली, की चार्जर आधी चाचपतो, पलीकडे कोणी घेणारं आहे का. पलीकडच्या यंत्रात ५.१ किलोओमचे दोन इवलेसे रोध असले तर त्याला ओळख पटते, नाहीतर तो थेंबही सोडत नाही. काही स्वस्त कॅमेऱ्यांत हे रोध बसवलेलेच नसतात. त्यांचे पैसे नखाएवढेही होत नाहीत, पण वाचले ते वाचले. अशा कॅमेऱ्याला जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरची वायर लावली की तो निमूट चार्ज होतो, कारण तो चार्जर ओळखपाळख न विचारता वाढणारा आहे. म्हणजे इथं काकांचा जुना चार्जर जिंकतो, आणि काका हे पुढची दहा वर्षं सांगत राहतात. मी हा मुद्दा कबूल करतो. पण बघा, दोष सापडला तरी तो पुन्हा काटकसरीचाच सापडला. फरक इतकाच की ही काटकसर परदेशी बनावटीची.

राहिला तिसरा आक्षेप: काका कंजूष आहेत, विषय संपला. हे साफ चूक. चांगली वायर दीड-दोनशे रुपयांत येते, आणि हेच काका नातवाच्या वाढदिवसाला हजारांची सायकल घेतात. नवी वायर आणली तर डब्यातल्या सगळ्या निरुपयोगी होत्या असं कबूल करावं लागतं, अडचण ती आहे. गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर लावण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांच्यासाठी “असू दे, लागेल कधीतरी” हा हिशेब नसून कुळाचार आहे. पुरावा हवा असेल तर माळ्यावर चढा. कॅमेऱ्याचं मूळ खोकं तिथं आहे. त्यात थर्माकोल, आठ भाषांतलं माहितीपत्रक, दोन जादा स्क्रू, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली, त्याच्याच खोल भोकाच्या मापाची, पाकीटही न फोडलेली वायर आहे. ती काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत असते. “अहो, ती खोक्यातली लावून बघा ना,” असं त्या तिसऱ्यांदा म्हणतात तेव्हा काका म्हणतात, “कोरी आहे ती. वॉरंटीला लागेल.”

अखेर ती वायर निघते, कॅमेरा पंधरा मिनिटांत हिरवा होतो, आणि मुलाच्या फोनवर पहिलं चित्र येतं ते स्टुलावर उभ्या काकांच्या नाकपुड्यांचं. मग काका गुन्हेगार वायर हातात घेतात. ती पुन्हा चुकून वापरली जाऊ नये म्हणून तिला मधोमध एक घट्ट गाठ मारतात, आणि डब्यात ठेवतात. दिवाळीच्या आवराआवरीत डबा निघतो, तेव्हा ती गाठ काकाच सोडवतात. गाठीनं वायर खराब होते म्हणून.