भिंतीवर समाजसेवा कशी काढावी

अभिनंदन! शहराची सेवा करायची आणि तीही ब्रशने, असं तुम्ही ठरवलं आहे. या सेवेला पदवी लागत नाही, निवडणूक लढवावी लागत नाही, एक भिंत मिळाली की झालं. मुंबईत राहायला घर मिळणार नाही, पण रंगवायला भिंत मिळेल. ती नेमकी कोणाची आहे हे शोधण्यात मात्र काही आठवडे सहज जातील, तेवढी सवड काढा.

साहित्य: शिडी, बांबूची परांची, रोलर, ब्रश, दोरी, एक्स्टिरिअर इमल्शनचे डबे आणि पाण्याचा नळ जवळ असलेला एक शेजारी. लिटरभर रंग दोन हात मारून साधारण पन्नास-साठ चौरस फूट पुरतो. म्हणजे 10 फूट उंच, 60 फूट लांब भिंतीला नुसत्या पार्श्वभूमीसाठीच दहा-बारा लिटर लागतील. चहाचा हिशोब वेगळा धरा, कारण रंगवताना बघत उभं राहणाऱ्यांनाही चहा लागतो.

आता भिंत निवडा. नवशिक्याची नजर हमखास मोठ्या रस्त्यावरच्या भिंतीकडे जाते. ऊन चांगलं, गर्दी भरपूर, फोटो काढायला समोर जागा. घाटकोपरजवळची असल्फ्याची टेकडी 2017 च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रंगवली तेव्हा मेट्रोच्या खिडकीतून ती इतकी सुंदर दिसली की लोक तिला थेट इटलीतल्या गावाच्या पंक्तीत बसवू लागले. रंग छानच होते, मेहनतही खरी होती. पण गाडीतून फोटो काढणाऱ्याला छप्पर गळतं की नाही ते दिसत नाही, आणि त्या छपराखाली झोपणाऱ्याला बाहेरचा रंग दिसत नाही. जी-20 चे पाहुणे आले तेव्हा पुण्यामुंबईतले उड्डाणपूलही घाईघाईने सजले होते. कोणासाठी रंगवायचं याचं ते अगदी स्पष्ट उत्तर होतं. तुमचं उत्तर तुम्ही ठरवा.

परवानगी. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा 1995 चा आहे, आणि तुम्ही भिंतीवर काढणार असलेला मोर विद्रूपण आहे की सुशोभीकरण, हे ठरवणारा माणूस सहसा जेवायला गेलेला असतो. भिंत रेल्वेची म्हणून रेल्वेकडे जावं तर ते महापालिकेकडे पाठवतात, महापालिका सोसायटीकडे, सोसायटीचे सचिव पुढच्या वार्षिक सभेकडे. रंगवायच्या आधी जी भिंत कोणाचीच नसते, तिला पहिला हात मारला की तिघेही मालक म्हणून हजर होतात. तरी निराश होऊ नका. 2009 च्या ऑगस्टमध्ये माहीम-दादर पट्ट्यात तुळशी पाइप रोडच्या लांबलचक भिंतीवर शेकडो हौशी मंडळी डबे घेऊन उतरली, ती महापालिकेच्या संमतीनेच.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळी समाजसेवा त्यातच आहे. भिंतीला हात लावून बघा. गार, ओलसर लागली, पांढरा खार फुटलेला दिसला, पोपडे सुटत असतील, तर रंगाचा डबा उघडू नका. पाणी कुठून येतं ते शोधा. वरच्या मजल्याची मोरी गळत असेल, गच्चीचा पन्हाळी पाइप फुटला असेल, नाहीतर मागचं गटार तुंबलेलं असेल. ओल्या भिंतीवर काढलेलं नंदनवन एका पावसाळ्यात पोपड्यांसकट खाली येतं. नवा गिलावा असेल तर तो चांगला महिनाभर सुकू द्या, खरवडा, घासा, प्रायमर मारा आणि मगच रंग. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. मे महिन्याच्या शेवटी उत्साहाने सुरुवात करणाऱ्याचं चित्र जुलैत गटारातून वाहताना दिसतं. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 मध्ये भलेमोठे दादासाहेब फाळके उभे करणारे रणजित दहिया यांनी सुरुवात हरियाणातल्या आपल्या गावाकडे घरांना सफेदी करण्यापासून केली होती. तुम्हीही आधी महिनाभर एखाद्या रंगाऱ्याच्या हाताखाली पुट्टी भरा. कलाशाळेत हे शिकवत नाहीत.

भिंतीचा खालचा अडीच-तीन फुटांचा पट्टा गडद तांबड्या रंगाने काढावा. पानाच्या पिचकारीशी स्पर्धा करू नये, तिचाच रंग आपण आधी लावून मोकळं व्हावं.

विषय निवडताना ‘पाणी वाचवा’ हा फार लोकप्रिय. तो शक्यतो जिथे नळाला दिवसातून तासभर पाणी येतं अशा वस्तीत रंगवतात. चोवीस तास पाणी असलेल्या टॉवरच्या कुंपणावर तो मी अजून पाहिलेला नाही. ‘झाडे लावा’ लिहिताना आड येणाऱ्या फांद्या छाटू नयेत, वाईट दिसतं. लोक कोपऱ्यात लघवी करतात म्हणून तिथे देवाची चित्रं काढण्याची पद्धत आहे आणि ती लागू पडते, यात वाद नाही. देवाचा मान राखून माणूस दहा पावलं पुढच्या भिंतीशी जातो. तिथेही देव काढला की आणखी दहा पावलं. अशाने गल्ली संपते, तेहतीस कोटी देवही अपुरे पडतील, पण मुतारी काही बांधली जात नाही. हे पटलं तर चित्राचा अर्ज बाजूला ठेवून आधी मुतारीचा अर्ज करा. तिथल्या रहिवाशांच्या सह्या तुमच्या नियोजित मोरापेक्षा त्या अर्जावर पटापट मिळतील.

तरीही चित्रच काढायचं असेल तर तिथे राहणाऱ्यांना विचारा. ‘लोकसहभाग’ म्हणजे शेवटच्या दिवशी पोरांच्या हातात ब्रश देऊन फोटो काढणं, असा समज आहे. तो बाजूला ठेवून आधी पायरीवर बसून ऐका. सव्वाशे वर्षांहून जुन्या ससून डॉकमध्ये 2017 च्या नोव्हेंबरात कलाप्रदर्शन भरलं, तेव्हा तिथल्याच कोळणींचे चेहरे भल्यामोठ्या आकारात भिंतींवर चढले. गोदी त्या काळातही चालू होती. मासळीचा वास आणि कलारसिक एकाच फाटकातून आत जात होते. बघायला आलेल्यांनी चित्रांबरोबर माणसंही पाहिली, निदान नाकाला रुमाल लावून तरी.

भिंतीचा उपयोग फळ्यासारखाही होतो. चित्रकार रूबल नागी यांनी वस्त्यांमधल्या पडीक भिंतींवर मुळाक्षरं, अंक, स्वच्छतेचे धडे रंगवले, आजूबाजूच्या मुलांना तिथेच शिकवलं. 2026 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. शाळेत न जाणारं पोर त्या भिंतीसमोरून दिवसातून दहा वेळा जातं. मात्र तुम्ही ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ नीट काढा. मराठी भिंतीवरची अशुद्ध पाटी पाच वर्षं टिकते आणि तोवर दोन इयत्ता तसंच लिहायला शिकतात.

चित्र मोठं करण्याची युक्ती सोपी आहे. कागदावर इंचाच्या चौकटी पाडा, भिंतीवर फुटाच्या. निळीत बुडवलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. नाक कुठल्या चौकटीत येतं ते दोनदा मोजा. महापुरुष काढत असाल तर चार वेळा, आणि गल्लीतल्या जाणत्यांना दाखवूनच पुढे जा.

उद्घाटन टळणार नाही. भिंतीला दार नसतं, तरी फीत बांधतात. सौजन्याची पाटी चित्रापेक्षा मोठी होऊ लागली तर आधी कोपऱ्यात तिची जागा आखून चौकट पक्की करून टाका. नावं त्यात बसली तर बसली.

रंग उरला तर घरी नेऊ नका. डब्याच्या झाकणावर शेड नंबर लिहा आणि डबा भिंतीला लागून राहणाऱ्या मावशींच्या ताब्यात द्या. पोपडा निघाल्यावर तुम्हाला फोन लागणार नाही. त्या मात्र तिथेच असतील. आणि देणगी गोळा कराल तेव्हा रंगाचे पैसे नंतर मोजा, प्लंबरचे आधी बाजूला काढा.