घरचा डोंगर

डोंगराची उंची मीटरमध्ये मोजतात, हा भूगोलाच्या पुस्तकांचा समज. आमच्या भंडाऱ्यात ती रेल्वेच्या तिकिटावर मोजतात. जिथं पोचायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, ते शिखर. जिथं दुचाकीनं जाता येतं, ती नुसती पहाडी.

म्हणून पावसाळा लागला की इथली उत्साही मंडळी विदर्भ एक्स्प्रेस धरतात, साडेसातशे किलोमीटर पलीकडे इगतपुरीला उतरतात आणि बारी गावातून १६४६ मीटरची कळसूबाई गाठतात. लोखंडी शिड्यांपाशी रांग, माथ्यावर फोटोसाठी आणखी एक रांग. ढगात सह्याद्री दिसत नाही; दिसते ती पुढच्याची बॅग. तरी गावी परतल्यावर भाषा अशी, की शिखर यांनीच शोधून काढलं.

इकडे तुमसर तालुक्यातला आंबागड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढं तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. बालेकिल्ल्यातल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी कैद्यांना प्यायला लावत, असं सांगतात. म्हणजे गड चढणं ही आमच्याकडे शिक्षा होती, पण निदान फुकट होती. आता माणसं त्यासाठी आगाऊ नोंदणी करतात आणि पाण्याची बाटली आपापली आणतात.

आंबागडाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, ‘‘तो त घरचाच हाये गा, कवाही जाऊ!’’ हे ‘कवाही’ कोणत्याच कॅलेंडरात छापलेलं नाही.

बरं, टोळीनं डोंगर चढणं पुण्या-मुंबईनं आम्हाला शिकवलं म्हणावं, तर तसंही नाही. महादेवाचे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, आमच्या गावांतून पिढ्यानपिढ्या निघतात. खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या चौरागडाच्या हजारावर पायऱ्या चढतात. ज्यांना तेवढं जमत नाही, ते तुमसरकडच्या गायमुखला, छोट्या महादेवाला जातात. या पोह्यात सत्तरीची आजीही असते. ट्रेकवाल्याच्या हातातली काठी त्याचा भार पेलते. आजीच्या पोह्यातला त्रिशूळ टेकायचा नसतो, वाहायचा असतो. तिला ना टी-शर्ट, ना प्रमाणपत्र. ‘लीडर’नं शिट्टी फुंकावी लागत नाही, गाणं सुरू झालं की मागचा आपोआप पाय उचलतो.

आंबागडाचं भाग्य उजळायला उपाय एकच. त्याचं नाव ‘आंबागड एक्स्ट्रीम’ ठेवा, शुल्क अडीच हजार लावा आणि बस शिवाजीनगरहून सोडा. मग बघा, त्या बसमध्ये जागा मिळवायला तुमसरचीच पोरं आदल्या रात्री पुण्याला जाऊन बसतील.