सदर गोधडीबाबत

विषय : येऊ घातलेल्या बाळासाठी ठिगळांची गोधडी शिवणे.

उपरोक्त विषयान्वये सर्व नवशिक्यांना कळविण्यात येते की, गोधडी शिवणे हे काम मुळात अवघड नाही. घरात निवृत्त अधिकारी असल्यास ते अवघड होते. ज्यांच्या घरी असा अधिकारी नाही त्यांनी पुढील नियमांपैकी निम्मे वगळावेत व देवाचे आभार मानावेत.

नियम 1. मोजमाप. चौकोन 5 इंचांचे कापावेत. प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातं, म्हणजे जोडल्यावर साडेचार इंच उरतात. आडवे 7 आणि उभे 8, असे 56 चौकोन झाले की रुंदी 31.5 इंच आणि लांबी 36 इंच, म्हणजे बरोबर एक वार. एवढी गोधडी बाळाला पुरते आणि शिवणारीच्या कमरेलाही सोसते. पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून त्यावरूनच सगळे आखावेत. कापलेल्या तुकड्यावरून पुढचा आणि त्यावरून त्याच्या पुढचा असं करत गेलं की दहावा चौकोन पतंग होतो.

आमच्याकडे याचा रीतसर नकाशा आहे. ह्यांनी जन्मभर कालव्यांचे नकाशे तपासले, त्यामुळे आलेखाच्या कागदावर अ-1 पासून ए-8 पर्यंत खाने पाडून, रंगीत पेन्सिलींनी भरून, खाली सही-तारखेसह तो मला सादर झाला. सुई ह्यांनी आजवर फक्त पायातला काटा काढायला हातात घेतलेली आहे.

नियम 2. कापड. सुतीच हवं, तेही वापरून धुवून मऊ झालेलं. टेरिकॉट पाणी पीत नाही, आणि बाळाचं मुख्य काम तर गोधडी ओली करण्याचं. जर टोचते. लाल-हिरव्या कापडाचा कोपरा भिजवून पांढऱ्या रुमालावर चोळून बघावा. रुमाल रंगला तर ते कापड बाद. नवं कापड घ्यायचंच असेल तर आधी धुवावं, नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढाच चौकोन आटतो आणि गोधडी तिथे कपाळाला आठी घालते. बारशापर्यंत बाळाच्या अंगावर नवं कापड घालायचं नाही असं जुन्या बायका म्हणत, ते काही उगाच नाही.

कापड हस्तगत करण्याची कार्यपद्धती. घरातल्या पुरुषाकडे सदरा मागू नये. आमच्या ह्यांचा निळ्या चौकड्यांचा सदरा घ्या. त्याची कॉलर एकदा उलटवून झाली, कोपरं विरली, खिशावर शाईचा डाग. तरी तो ‘घरात घालायला चालतो’. घरात घालायच्या सदऱ्यांचा असा एक आख्खा कप्पा आहे आणि माणूस एक आहे. तेव्हा सदरा प्रथम धुवायला टाकावा, मग बटण लावायला म्हणून शिवणाच्या टोपलीत ठेवावा, आणि विचारणा झाली तर ‘इस्त्रीला गेलाय’ असं उत्तर द्यावं. दुसऱ्यांदा विचारणा होईपर्यंत त्याचे चौकोन झालेले असावेत. पाठीचं कापड सर्वांत कमी झिजतं, तिथूनच कापावं.

तर मी असे चौकोन कापत बसले असताना हे आले, निळ्या चौकड्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेले. मला वाटलं, आता खुलासा मागवतील. ट्रंकेचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि सासूबाईंचं हिरवं सुती इरकल टेबलावर आलं. ‘मधल्या थराला चालेल का बघ,’ म्हणाले. मधल्या थराला! जो कोणाच्या दृष्टीलाही पडत नाही. पदर रेशमी, म्हणून तो काढून परत ट्रंकेत ठेवला. बाकीचं मी खाली लावलं, बाळाच्या अंगाखाली येईल असं.

हिशेबाने अशा नऊवारीतून एकेक वाराचे नऊ थर निघायला हवेत. पण बसण्याची जागा आणि निऱ्यांची खालची कड विरलेली असते. ती सोडली की चार-पाच बरे निघतात. बाळाच्या गोधडीला खाली एक, मध्ये दोन आणि वर ठिगळं, एवढं पुष्कळ. जास्त घातलेत तर सुई जात नाही, आणि पावसाळ्यात गोधडी तीन दिवस दोरीवर लोंबकळते.

नियम 3. मांडणी जमिनीवर करावी. पंखा बंद ठेवावा. कोणी मध्येच येऊन ‘किती उकडतंय’ म्हणत बटण दाबलं तर त्यालाच तुकडे वेचायला लावावे.

नियम 4. जोडणी. आधी आडव्या ओळी शिवून घ्याव्यात. इस्त्री करताना विषम ओळींच्या शिवणी उजवीकडे वळवाव्यात, सम ओळींच्या डावीकडे. मग ओळीला ओळ जोडताना शिवणी एकमेकींना बिलगून बसतात आणि चार चौकोनांचे कोपरे नेमके एका ठिकाणी येतात. विहीणबाई गोधडी हातात घेतल्या घेतल्या उलटी करून बघतात, त्यांच्यासाठी ही तरतूद आहे.

नियम 5. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला तर ओवण्याचा वेळ वाचतो हे गणित फक्त कागदावर सुटतं. प्रत्यक्षात गुंता होतो. ओवण्याचं काम निवृत्त अधिकाऱ्याकडे सोपवावं. आमचे एका बैठकीत दहा सुया ओवून उशीला ओळीने टोचून ठेवतात, आणि तेवढा वेळ घरात शांतता असते.

नियम 6. धावदोरा. सगळे थर ताणून अंथरावेत, कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, जे जड असेल ते ठेवावं, आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मोठे कच्चे टाके घालावेत. याचा कंटाळा केला तर थर सरकतात. मग कडेपासून आत, बोटभर अंतर सोडत फेऱ्या मारत जावं. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवावी. सासूबाईंचे टाके तांदळाएवढे असत. गव्हाएवढे आले तरी बाळ तक्रार करत नाही.

उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. हे ह्यांनी कुठेतरी वाचलं आणि नकाशाला पुरवणी जोडली. ऐन वेळी! पण लावली मी. बाळ पहिल्यांदा कोपराच तोंडात घालणार, म्हणून दुहेरी टाक्यांनी घट्ट.

नियम 7. आरसे, मणी, गुंड्या : नाही.

नियम 8. सुया आणि टाचण्या कामाला बसण्यापूर्वी मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. ह्यांनी त्यासाठी वही घातली, आवक-जावक रकान्यांसह. मी हसले होते. पण एका संध्याकाळी जावक एकने जास्त भरली आणि ती टाचणी इरकलाच्या घडीत सापडली. तेव्हापासून वहीवर मीही सही करते.

वापर. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण ठेवायचं नाही, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. सूनबाईंनी न्यू जर्सीहून फोनवर हे फार जपून सांगितलं. ‘पांघरायची नाही तर गोधडी कशाला?’ हा शेरा आमच्या बाजूने तत्काळ मारण्यात आला. बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला, पालथं पडायला, लोळायला. वर्षानंतर पांघरेल. गोधडीला कुठे घाई आहे?

वाहतूक. विमानात नेण्याच्या बॅगेचं वजन 23 किलोंवर जाऊ देत नाहीत, आणि त्यात मेतकूट, डिंकाचे लाडू व बाळंतशेपा अगोदरच बसलेल्या असतात. म्हणून गोधडी हातातल्या पिशवीत घ्यावी. ती सहज हाताशी येईल अशी मात्र ठेवू नये. विमानात एसीने गुडघे धरतात, आणि ‘दुकानात तयार मिळत नाही का गं?’ असं ज्यांनी सुरुवातीला विचारलं होतं तेच सर्वांत आधी ती गुडघ्यांवर ओढून घेतात, वर चहाही मागवतात. मग न्यू जर्सीला उतरल्यावर बाळाला देण्याआधी पुन्हा धुवावी लागते.